चोरखमाऱ्याहून परळला

जिप्सी पुढे जाऊ द्या. तुम्ही चोरखमारा गेटवर उतरा, मोबाइल बंद करून खिशात टाका आणि तलावाच्या पाळीवर या. आता एकेक गोष्ट काढून टाकत चला. आधी हे गेट काढा, म्हणजे 2013 चा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गेला. मग 1970 चं नागझिरा अभयारण्य काढा. जंगल तेच राहील, साग, ऐन, बीजा, तेंदू, मोह. फक्त ते बघायला तिकीट पडणार नाही आणि वाघाला नाव नसेल. गोंदिया जिल्हाही काढा, त्याला जन्मायला 1 मे 1999 उजाडायचा आहे. महाराष्ट्र काढा. डांबरी रस्ता, विजेचे खांब, मोटारसायकली काढा. उरला इंग्रजांच्या अमदानीतला तलाव, त्याच्या पाण्यावरच्या धानाच्या बांध्या आणि 1958 सालचा जानेवारी.

तुम्ही भंडारा जिल्ह्यात आहात. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत तुमचं राज्य मध्य प्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. नोव्हेंबर 1956 पासून तुम्ही मुंबई राज्यात आलात. गावात कुणाला त्याचा काही फरक पडलेला नाही. धान तेच, सावकार तोच. तुम्हाला मात्र ही नवी राजधानी लवकरच बघावी लागणार आहे.

ओसरीवर माय बसली आहे. पुढ्यात सूप, सुपात कातरलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. तिची बोटं न बघता बिड्या वळतात. उन्हाळ्यात हीच पानं तिनं जंगलातून तोडून आणली, पुडे बांधले, वाळवले. गोंदिया-तिरोड्याच्या पट्ट्यात धान सहा महिने पोट भरतं, उरलेले सहा महिने बिडी. तंबाखू म्हणजे या घरातलं मीठ-मिरची. माय ती कधी ओढत नाही, बाईमाणसानं बिडी ओढायची नसते. पण सकाळी दाताला गुडाखू आणि मग दिवसभर डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी, हे कुणी व्यसनात धरत नाही. भूक मरते आणि हात चालत राहतो, एवढंच.

पोळ्याच्या सुमाराला त्याच गालात आतून एक पांढरा डाग होता. दिवाळीला त्याची जखम झाली. आता तिखट जात नाही, जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाही आणि जवळ बसलं की वास येतो. वैदूचा लेप झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, देवाला नारळ झाला. मग एक दिवस घरात कुणी काही न बोलता तिची थाळी वेगळी झाली, गिलास वेगळा झाला, नातवंडं तिच्या मांडीवरून उचलली गेली. हा रोग उष्ट्यातून लागतो असं सगळ्यांना वाटतं. तुम्हालाही वाटतं. थाळी वेगळी ठेवणाऱ्यांत तुम्हीही आहात.

तिरोड्याच्या दवाखान्यातला डॉक्टर बॅटरी मारून बघतो, बॅटरी विझवतो आणि कागदावर तीन ओळी इंग्रजीत लिहून देतो. त्यातला एकच शब्द तो मोठ्यानं सांगतो : टाटा.

"बाबू, मले गावातच मरू दे," माय घरी आल्यावर म्हणते. "मुंबईले कोन हाय आपला?"

तुम्ही एक बैल विकता. जोडीतला एक विकला की दुसरा बसून खातो, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तरीही विकता.

बंडीनं तिरोड्याला, तिरोड्याहून पॅसेंजरनं नागपूरला, नागपूरहून मुंबईच्या गाडीत. तिकीट खिडकीवर आण्यांचा आणि नव्या पैशांचा घोळ चालू आहे, कारण नवे पैसे येऊन वर्षही झालेलं नाही. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ जातात. मायला चहात भिजवलेल्या पावाखेरीज काही गिळता येत नाही, म्हणून तुम्हीही फारसं खात नाही. डब्यातली माणसं वासानं हळूहळू सरकून बसतात आणि त्या गर्दीच्या गाडीत तुमच्या मायला आडवं व्हायला जागा मिळते. इगतपुरीला कोळशाचं इंजिन सुटतं, विजेचं लागतं आणि गाडी घाट उतरते.

दादरला उतरून परळच्या दिशेनं चालू लागा. डाव्या-उजव्या हाताला गिरण्यांची धुरांडी आहेत, रस्त्यावर ट्राम आहे, पाळी सुटल्याचा भोंगा होतो आणि शेकडो माणसं एका दमात रस्त्यावर येतात. त्यातली बरीच कोकणातली, घाटावरची. प्रत्येकाला इथे कुणीतरी गाववाला आहे, कुणाच्या तरी खोलीत वळकटी टाकायला जागा आहे. गोव्याच्या माणसांनी तर त्याची रीतसर व्यवस्थाच लावून ठेवली आहे. धोबीतलावला, माझगावला गावागावांच्या नावानं 'कूड' आहेत. बोटीवर नोकरीला निघालेला, कॉलेजात शिकायला आलेला, आजारी पडलेला, गोव्यातल्या आपल्या गावाचा माणूस आपल्या कुडीत उतरतो, आपली पेटी ठेवतो, भाडं परवडेल तेवढं देतो. चोरखमाऱ्याची कूड मुंबईत नाही. असण्याचं कारणही नाही. तुमच्या गावातून इथे आजवर आलंय कोण? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केईएम रुग्णालयाच्या शेजारी ती इमारत दिसते. रतन टाटांची वगैरे नव्हे, त्याच्याही आधीच्या पिढीची ही गोष्ट. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं परदेशात गेल्या. टाटांच्या घरातल्या बाईला जगातलं उत्तम ते मिळालं, तरीही ती वाचली नाही. इथल्या माणसाला तर बघायलाही कुणी नव्हतं. दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, पण विचार राहिला आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. सुरुवातीला खाटा 80. अख्ख्या देशाला 80. तुम्ही जानेवारी 1958 मध्ये इथे उभे आहात तेव्हा कागदोपत्री ते टाटांचं राहिलेलंही नाही, गेल्याच वर्षी केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं आहे आणि 1962 मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे जाईल. रांगेतल्या कुणाला हे माहीत नाही. नाव टाटाच राहणार आहे, तुमच्या नातवाच्या तोंडीसुद्धा.

रांग लांब आहे. बंगाली, मल्याळी, गुजराती, उर्दू कानावर पडतं. सगळ्यांच्या तोंडावर फडकं, पदर, रुमाल. गावात तुमची माय एकटी होती. इथे पदरामागची माणसं एकमेकांकडे बघतात आणि काही जण पदर खाली घेतात. माय अजून घेत नाही.

केस पेपर काढताना एक माणूस प्रश्न विचारतो. नाव, गाव, वय, धंदा. मग : तंबाखू खाता? चुन्याबरोबर? किती वेळा? गालात कुठल्या बाजूला धरता? रात्री झोपताना तोंडात ठेवता? बिडी? सुपारी? तुम्हाला हे प्रश्न उगाच वाटतात, रोग बघा की आधी. पण त्या प्रश्नांपाशी जरा थांबा, कारण इथे मोठं काम चाललंय. याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर काचपट्टीखाली गाठी बघता बघता माणसांच्या सवयींकडे वळले. कोण काय खातो, काय नेसतो, कुठल्या जातीत कुठला कर्करोग जास्त. 1955 मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. टाटात आलेल्या रुग्णांच्या याच उत्तरांवरून त्यांनी दाखवलं की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा संबंध तंबाखू चघळण्याशी आणि ओढण्याशी आहे. विलायतेत डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचं नातं 1950 मध्ये मांडलं होतं, त्याचा गाजावाजा जगभर झाला. आपल्याकडचं संशोधन गालातल्या गोळीवर होतं, म्हणून ते बातमी झालं नाही, असं माझं मत. गालात गोळी धरणारी माणसं वर्तमानपत्र वाचत नव्हती.

"काय धंदा?" तो पुन्हा विचारतो.

"बिड्या वळतो," तुम्ही सांगता. तो लिहून घेतो. वर बघत नाही.

आता नंबर लागतो. खोलीत डॉ. अर्नेस्ट बोर्जेस आहेत. पन्नाशीच्या अलीकडचे, 1909 चा जन्म, मूळ गोव्याचे. तो गोवा या घडीला पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे आणि सरहद्द बंद आहे. तो मोकळा व्हायला डिसेंबर 1961 यावा लागेल. म्हणजे घरापासून तुटलेपण तुमच्यापेक्षा त्यांना कमी ठाऊक आहे असं नाही. टाटा रुग्णालयाच्या शल्यविशारदांच्या पहिल्या पिढीतले ते. कर्करोगाची शस्त्रक्रिया ही वेगळी विद्या आहे हेच देशात अजून पुरतं मान्य झालेलं नसताना त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती इथे उभी केली. पुढे ते या रुग्णालयाचे अधीक्षक होतील. शल्यविशारद म्हणून त्यांचं जेवढं नाव आहे तेवढंच गरिबांचा डॉक्टर म्हणूनही आहे. रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसानं ते तुम्हाला आधीच सांगितलंय.

त्यांच्या तोंडी मी वाक्यं घालणार नाही. मोठ्या माणसांच्या तोंडी गोड वाक्यं घालणं हा आपला जुना उद्योग आहे. तुम्ही फक्त हात बघा.

तोंडातली गाठ तपासायची तर एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून गालावर लागतात. दोन्हींच्या मध्ये गाठ धरून बघायची : किती जाड, किती खोल, हाडाला चिकटलीय की हलतेय. मग मागून उभं राहून मानेच्या दोन्ही बाजू चाचपायच्या, कानाखालपासून हसुलीपर्यंत. कुठलाही कर्करोगाचा सर्जन हेच करतो, आजही. ती तपासणीची रीत आहे, तिच्यात खास काही नाही. पण ज्या गालाला घरच्या कुणी महिनोन्महिने हात लावला नाही, ज्या तोंडासाठी थाळी वेगळी झाली, त्या तोंडात हा शिकलेला माणूस बोट घालतो आणि तोंड फिरवत नाही. मायनं डोळे मिटले आहेत. दुखतं म्हणून असेल. तुम्ही खाली बघताय, कारण तुम्हाला ती वेगळी थाळी आठवली.

मी करुणा हा शब्द फार वापरत नाही. तो कीर्तनात शोभतो. पण 1958 साली परळच्या एका खोलीत तो असलाच तर एवढाच होता.

गाठ हाडाशी आहे, मान अजून मोकळी वाटते. काढता येईल. काढायचं म्हणजे गालाचा भाग, त्यालगतचं जबड्याचं हाड आणि मानेच्या त्या बाजूच्या गाठी, सगळं एका वेळी. जिथे कापणं जमत नाही तिथे रेडियमच्या सुया टोचून ठेवतात, नाहीतर क्ष-किरणांचे शेक देतात. औषधानं कर्करोग हटवण्याच्या गोष्टी अजून बाल्यावस्थेत आहेत. म्हणजे 1958 मध्ये जे करता येतं ते बहुतांशी सुरीनं. ती सुरी इतकं घेऊन जाते की वाचलेलं माणूस आरशात बघत नाही. पैसे? तुमच्यासारख्यांकडून घेत नाहीत. खाटेचे नाही, शस्त्रक्रियेचे नाही. बैलाचे पैसे वेगळ्याच गोष्टीत जातात.

ते जातात तुमच्या राहण्या-खाण्यात. माय आत खाटेवर, तुम्ही बाहेर फुटपाथवर. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. भिंतीला टेकून गाठोडी, चुलीसाठी तीन विटा, नळाशी रांग, रात्री पोलिसाची काठी. कुणी ओडिशाचा, कुणी खानदेशातला. भाषा कळत नाही, पण कुणाचा माणूस आज गेला ते न सांगता कळतं. ज्याचं गाठोडं सकाळी दिसत नाही, त्याचा. रुग्णालय कितीही मोठं करा, आजाऱ्यासोबत आलेल्या माणसाला खाट कुठल्याच योजनेत नसते. उपचार मोफत असूनही माणसं अर्ध्यावर उपचार टाकून जातात ती या फुटपाथमुळे. वाचक म्हणून तुम्हाला शस्त्रक्रियेची खोली बघायची असेल, पण मला वाटतं की या रोगाचं खरं रणांगण हा फुटपाथच होता. अजूनही आहे. आज परळला जाऊन बघा.

माय वाचते. होळीच्या आत तुम्ही तिला घेऊन परत येता. डावा गाल आत गेलेला, बोलणं फक्त तुम्हाला समजणारं, जेवण म्हणजे पेज. पदर आता कायमचा आहे. थाळी मात्र तुम्ही पुन्हा सगळ्यांबरोबर मांडता, आणि पहिल्या दिवशी तिच्या उष्ट्यातला घास तुम्ही घेता, सगळ्यांसमोर. हे मुंबईहून आणलेलं औषध.

महाराष्ट्र झाल्याचे ढोल तिरोड्यात वाजतात तेव्हा ती आहे. त्यानंतरच्या हिवाळ्यात मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ येते. टाटात सांगितलं होतं, दर काही महिन्यांनी दाखवायला आणा. पहिल्या वेळी नेलं होतंत, मग धानाचं साल बुडालं, मग दुसरा बैलही गेला. अकराशेच्या वर मैल येऊन-जाऊन. या वेळी तुम्ही जात नाही, आणि तीही जाऊ म्हणत नाही. शेवटचे दोन महिने ती रात्रभर कण्हते. तिरोड्याच्या दवाखान्यात त्या दुखण्यावर द्यायला ॲस्पिरिन आहे.

परळच्या त्या खोलीत तिची गाठ बरोबर चाचपली गेली, बरोबर काढली गेली. बोर्जेस यांच्या हातात होतं ते सगळं झालं. मधलं अंतर कुणाच्याच हातात नव्हतं.

आता काळ भरभर पुढे सोडा.

1965 : डॉ. बोर्जेस यांना पद्मश्री. 1969 : त्यांचं निधन, साठीच्या उंबरठ्यावर. टाटा मेमोरियलवरून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव लागतं. तेव्हापासून आजपर्यंत त्या रुग्णालयाचा पत्ता 'डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग, परळ' असा आहे आणि देशभरातल्या लक्षावधी कर्करोग्यांच्या फायलींवर ते नाव छापून गेलं आहे. त्यातल्या किती जणांनी 'हे बोर्जेस कोण' असं विचारलं असेल? रस्त्याला नाव देणं हा विसरण्याचाच एक सभ्य प्रकार. त्यांच्या कन्या डॉ. अनिता बोर्जेस विकृतिशास्त्राकडे वळल्या. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती कसली ते सांगणारी ही विद्या, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव केलं. हा वारसा घरचा. दुसरा बाहेरचा, आणि तुमच्याशी संबंध असलेला तो आहे.

वांद्र्याला जा. पश्चिमेला 'डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम' आहे. परगावाहून टाटात येणाऱ्या रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी अल्प दरात राहायचं घर. गोव्याच्या माणसाला कूड काय असते ते ठाऊक असतं. त्याच्या नावानं मुंबईत अखेर एक अशी कूड झाली जिथे चोरखमाऱ्याचा माणूसही उतरू शकतो, गाव न विचारता. दादरला गाडगेबाबा मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. तीही याच कामाची. सगळी मिळूनही फुटपाथ रिकामा होत नाही. पण मला या तीन इमारती रस्त्याच्या पाटीपेक्षा आणि पद्मश्रीपेक्षा मोठ्या वाटतात.

1986 ला थांबा, वांद्र्यातच, माउंट मेरीजवळ. टाटातलेच एक शल्यविशारद, डॉ. लुईस जोस डिसोझा, यांनी 'शांती अवेदना' सुरू केलं आहे. भारतातलं पहिलं हॉस्पिस. जिथे रोग बरा करायचा नाही, फक्त दुखणं थांबवायचं, जखम धुवायची, माणसाला माणसासारखं जाऊ द्यायचं, तेही एक पैसा न घेता. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी हे 1967 मध्ये करून दाखवलं होतं. आत एका खाटेवर एक बाई आहे, गालाला पट्टी, आणि ती झोपली आहे. नीट झोपली आहे. तुम्ही दारातच थबकता. तोंडानं घ्यायचं मॉर्फिन, ठरलेल्या वेळी, दुखायच्या आधी. गोष्ट एवढीच होती. तुमच्या मायच्या वेळी ते जगात होतं, तिरोड्यात नव्हतं. आणि ते पुढेही सहज मिळणार नव्हतं : 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं चोरांबरोबर डॉक्टरांचेही हात बांधले. परवान्यांच्या जंजाळात रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि ती गाठ सैल करायला संसदेला 2014 उजाडलं. या एकोणतीस वर्षांत किती माणसं कण्हत गेली याचा हिशेब कुणी मागितलेला नाही. मागायला हवा.

मग सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला या. इथे मला जरा जास्त थांबायचंय, कारण इथे दिशा बदलते. रुग्ण मुंबईला जाण्याऐवजी मुंबई रुग्णाकडे निघते. डॉ. भगवान नेने यांनी या आडगावी नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय उभं केलं आणि 1987 मध्ये टाटा मेमोरियलच्या साथीनं इथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम, 346 गावं. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांची दप्तरं तपासणं. खेड्यात दप्तरात सापडायला माणूस आधी दवाखान्यात यायला हवा ना? म्हणून यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. पारावर बसले, बायकांशी बोलले : अंगावरून अवेळी जातं का, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का. नोंद करायला गेलेली माणसं बोलता बोलता रुग्ण शोधू लागली, आणि माणसं थोडी लवकर येऊ लागली. केस पेपरवरचे ते प्रश्न आता खुर्चीवरून उठून पायी निघाले होते.

1999 मध्ये याच मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठं काम हाती घेतलं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया, गावांचे 52 गट. काही गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप चाचणी, काहींत व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि काहींत नेहमीचंच, म्हणजे माहिती सांगायची आणि कुठे जायचं ते सांगायचं. निकाल 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीनं मरण जवळजवळ अर्ध्यावर आलं. आज जगभर गर्भाशयमुखाच्या तपासणीत एचपीव्ही चाचणीला जो मान आहे, त्यामागे उस्मानाबादकडच्या बायाबापड्या आहेत.

त्या 64 जणींचं काय, हा प्रश्न पुढे विचारला गेला, जोरात विचारला गेला. एका गटाला तपासणीच न देणं योग्य होतं का? तेव्हा खेड्यातल्या बाईला कुठलीच तपासणी मिळत नव्हती, हे त्यावरचं उत्तर. ते खरं आहे आणि पुरेसं नाही. मला दोन्ही बाजू पटतात. माझी तक्रार वेगळी आहे : निकाल लागल्यावर तरी ती तपासणी तुमच्या झाडीपट्टीतल्या बाईपर्यंत किती वेगानं यायला हवी होती!

आता वर्तमानात या. तुमच्या हातात पुन्हा मोबाइल आहे. गोंदियाला 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. महाराज बोर्जेस यांच्याच वर्षी, 1909 मध्ये, जन्मले आणि 1968 मध्ये कर्करोगानंच गेले. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. 2012 पासून टाटा मेमोरियलनं देशभरातली कर्करोग रुग्णालयं एका जाळ्यात बांधायला घेतली आहेत, म्हणजे परळचा सल्ला परळला न जाता मिळावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. बैल विकायची वेळ दर वेळी येऊ नये, इतपत झालंय.

आणि तिरोड्याच्या चौकात टपरीवर पोरगा प्लास्टिकच्या पन्नीवर खर्रा घोटतोय. सुपारी, तंबाखू, चुना. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो. दहावीतली मुलं उभी आहेत. तुमच्या मायच्या गालातली गोळी निदान भूक मारायला होती.

डॉक्टरांना देवमाणूस म्हणायची आपल्याला फार सवय आहे. देवमाणूस म्हटलं, हार घातला, रस्त्याला नाव दिलं की आपलं काम संपतं. डॉ. बोर्जेस यांच्याकडे माणसं गाठ हाडाला भिडल्यावर पोचत होती. आजही आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण उशिराच पोचतात, तेव्हा तो दोष डॉक्टरांचा तर नाहीच आणि अंतराचाही आता पूर्वीइतका राहिलेला नाही.

म्हणून एक करा. आज रात्री दात घासताना आरशासमोर, चांगल्या उजेडात, तोंड पूर्ण उघडून बघा : दोन्ही गाल आतून, जिभेच्या कडा, जिभेखाली. घरात खर्रा, तंबाखू, गुडाखू खाणारं जे कुणी असेल, त्याचंही बघा, स्वतः बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटं उभी न मावणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर वैदू नको, गुळण्या नकोत, पोळा ते दिवाळी वाट बघणं नको. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरोड्याच्या नाहीतर गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात जा आणि तुकडा काढून तपासायला सांगा.